पूर्णेखालचा समुद्र आणि सांगायची राहिलेली एक चूक

आदरणीय प्रा. दिनकरराव मोहरील सरांची पहिली ओळख मला माझ्या आत्याच्या मरणातून झाली. आत्या आजही भातकुलीला ठणठणीत आहे, आणि त्या दुपारीसुद्धा ती माझ्याशेजारी बसून शेंगा फोडत होती. मरत होती ती टीव्हीवर. अकोल्याहून चालणारी एक केबल वाहिनी तेव्हा आमच्या अमरावतीकडेही दिसत असे. तिच्यावर सरांची ‘पूर्णेखालचा समुद्र’ ही टेलिफिल्म लागली होती. जमिनीतून उसळलेल्या पाण्यात माझी कमलआत्या एक हात वर करून बुडाली आणि मी हंबरडा फोडला. आत्या म्हणाली, “अवं पोट्टे, मी इथं हाव ना! हे पाह्य, शेंगा खाऊन राहिली.” मी तिला हात लावून खात्री करून घेतली, तरी माझे रडणे थांबेना.

मला लहानपणी दम्याचा त्रास होता, म्हणून पहिली काही वर्षे मी शाळेत गेले नाही. आत्यानेच घरी शिकवले. तिचे डी.एड. झाले होते, नोकरी लागली नव्हती. तिचा एकच नियम होता : “जे पाह्यलं ते लिव. आयकलेलं लिवू नको.” हा नियम माझ्या अंगात इतका मुरला की टीव्हीवर आत्या मेलेली पाहिल्यावर ती मेली नाही हे मान्य करणे मला जड जाऊ लागले. मला ताप भरला आणि तो उतरेना. ही गोष्ट कुणीतरी सरांच्या कानावर घातली असावी. पुढच्या रविवारी सर एस.टी.ने भातकुलीला आले. हातात एक घमेले होते, पिशवीत काड्यापेट्यांची घरे होती. त्यांनी आमच्या अंगणात घरे मांडली, घमेल्यात पाणी भरले आणि ते माझ्या हाती देऊन म्हणाले, “हं, आता तू समुद्र आण.” मी घमेले कलंडले. घरे वाहून गेली. सर म्हणाले, “पाहिलंस? आत्या नाल्यात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. बाकी सगळा समुद्र घमेल्यातला.” त्या रात्री मला झोप लागली. एका अनोळखी मुलीचा ताप उतरावा म्हणून पन्नाशी ओलांडलेले प्राध्यापक काड्यापेट्या घेऊन एस.टी.ने आमच्या गावी येतात, ही सरांच्या चांगुलपणाची माझी पहिली नोंद.

सरांच्या अमृतमहोत्सवी वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनावर, विज्ञान मंडळावर आणि पर्यावरणाच्या कामावर अधिकारी मंडळी लिहीत आहेतच. माझ्या वाट्याला त्यांच्या टेलिफिल्म आल्या. समितीतल्या काहींना तो विषय थोडा अडचणीचा वाटत होता, हे मला ठाऊक आहे. भौतिकशास्त्राच्या नामवंत प्राध्यापकांनी जगबुडीचे स्वस्तातले चित्रपट का काढावेत, असा प्रश्न त्यांच्या मागे तेव्हाही विचारला जाई.

त्याचे उत्तर सरांनी कधी लपवले नाही. केबलवर दुपारच्या वेळी परदेशी टीव्हीसाठी केलेले, हिंदीत भाषांतर केलेले चित्रपट लागत. कुठे उल्का पडायची, कुठे एका दिवसात सगळे गोठायचे, कुठे शहराखाली ज्वालामुखी जागा व्हायचा. सरांना ते मनापासून आवडत. पुढे मी अमरावतीला त्यांच्या हाताखाली शिकायला आले (निवृत्तीनंतरही ते वर्ग घेत), तेव्हा रविवारी त्यांच्या घरी असा एखादा चित्रपट लावलेला असे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दह्यात भिजवलेला गिला वडा करत आणि आम्ही आठ-दहा जण सतरंजीवर बसत असू. कुणी पडद्यावरच्या रबरी दगडाला हसले की सर म्हणत, “हसायला नंतर वेळ आहे. आधी सांगा, यांच्याकडं पैसे नव्हते तेव्हा यांनी काय केलं?”

या प्रश्नातून मी पुष्कळ शिकले. मोठ्या चित्रपटाला अख्खे शहर बुडवून दाखवता येते. टीव्हीच्या चित्रपटाला ते परवडत नाही. मग तो काय करतो? स्वयंपाकघरात रेडिओ ऐकणारी बाई दाखवतो. फोन लागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा नंबर फिरवणारा बाप दाखवतो. संकट दाराबाहेर राहते आणि माणूस घरात दिसतो. शिवाय तो चित्रपट आपण घरातच बसून पाहतो, जेवता जेवता, आईच्या मांडीवर. त्यामुळे पडद्यावरचे घर आणि आपले घर यांत फार अंतर उरत नाही. ज्याचे म्हणणे कुणी ऐकत नाही असा एक शास्त्रज्ञ त्यात हमखास असतो, आणि ज्या घरात विज्ञानाचे पुस्तक कधी आले नाही त्या घरात तो तेवढा वेळ पाहुणा म्हणून बसून जातो. सर याला या प्रकाराचे सगळ्यात मोठे बळ मानत.

त्यांनी स्वतः केलेल्या टेलिफिल्ममध्ये हे बळ पुरेपूर होते. ‘सूर्य मावळेना’ त्यांनी अकोल्याच्या जुन्या शहरात भर मे महिन्यात चित्रित केली. दुपारी मोर्णा नदीच्या पलीकडच्या गल्ल्या आपोआप ओस पडत. जगाचा शेवट दाखवायला वेगळे काही करावे लागले नाही. नटांना घाम लावावा लागला नाही. सूर्य मावळत नाही म्हणून लोक देवाचा धावा करत असताना पडद्याच्या खालून केबलवाल्यांची जाहिरात सरकत होती : कूलरवर भरघोस सूट. लोक हसले. सर मात्र वर्गात म्हणाले, “संकटातसुद्धा दुकान चालू राहतं, हे खरं आहे की नाही? परदेशी मंडळींना हे सुचलं नाही. आम्हालाही सुचलं नव्हतं, पण आलं.”

‘पूर्णेखालचा समुद्र’ ही तर आमच्याच खारपाणपट्ट्याची गोष्ट होती. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. सरांनी त्यावरून कल्पना केली की पूर्णेच्या खोऱ्याखाली एक जुना समुद्र दडलेला आहे आणि एका संध्याकाळी तो वर येतो. शास्त्रज्ञाची भूमिका सरांनीच केली होती. अकोल्यात बसून समुद्राची भीती वाटावी, अशी गोष्ट त्याआधी आमच्याकडे कुणी सांगितली नव्हती. त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडच्या बाया विहिरीत बादली सोडण्याआधी वाकून पाहत.

आता सरांच्या एका रिवाजाबद्दल सांगितले पाहिजे, कारण हा लेख आज ज्या रूपात आहे ते त्या रिवाजामुळेच. टेलिफिल्म संपली की सर स्वतः पडद्यावर येत, खुर्चीत बसत आणि सांगत, “नमस्कार. आता तुम्हाला आज काय काय खोटं दाखवलं, ते सांगतो.” समुद्र असा एका संध्याकाळी वर येत नाही. जमिनीखाली समुद्र दडून बसलेला नाही. क्षार आहेत ते मातीत आणि पाण्यात साचलेले आहेत. कुण्या एका शास्त्रज्ञाला शेवटच्या क्षणी सगळे वाचवता येत नाही, त्यासाठी पुष्कळ लोकांना पुष्कळ आधीपासून काम करावे लागते. असे ते एकेक चूक सांगत आणि नमस्कार करून उठत. केबलवाले वैतागत. “सर, लोकायले आता कुठं भेव वाटून राह्यलं होतं, अन् तुमी पानी टाकलं!” सर म्हणत, “भीती माझ्या खात्यात, चूकही माझ्याच खात्यात.” आपल्या कामातले दोष आपणच सर्वांसमोर मांडणारा दुसरा कलावंत मी पाहिलेला नाही.

मी या ग्रंथासाठी लेखाचा पहिला मसुदा लिहून पाठवला, तेव्हा सरांचा फोन आला. संपादकांकडून त्यांनी तो मागवून घेतला होता. “लेख वाचला. दोष कुठं आहेत?” मी म्हणाले, “सर, गौरवग्रंथ आहे.” ते म्हणाले, “माझ्या वर्गात नुसते गुण लिहिणाऱ्याला मी किती द्यायचो?” मी म्हणाले, “शून्य.” “मग? रविवारी ये. दोष घेऊन ये.”

मी सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. परीक्षेचे पेपर तपासतानासुद्धा एखादा गुण कापला तर मला पुन्हा मागे जाऊन पाहावे लागते. सरांचे दोष लिहायला मी चार दिवस घेतले. विज्ञानातल्या चुका त्यांनी स्वतःच सांगून टाकलेल्या होत्या. या प्रकारच्या सगळ्याच चित्रपटांत असतात तेही दोष लिहिले : अधिकारी नेहमी मूर्ख, शास्त्रज्ञ नेहमी एकटा, उलटी मोजणी करणारे घड्याळ नेहमी ऐनवेळी थांबणारे. मग मी जुनी फिल्म पुन्हा लावली. त्यात मला एक गोष्ट दिसली, आणि दिसल्यावर ती लिहिल्याशिवाय मला राहवेना.

‘पूर्णेखालचा समुद्र’मध्ये जे बुडतात ते सगळे भातकुलीतल्या आमच्या वस्तीतले आहेत. त्यांना नाव नाही, संवाद नाही. जे टेकडीवर चढून वाचतात, ज्यांना नावे आहेत, जे एकमेकांची चौकशी करतात, ते सगळे सरांच्या गल्लीतले आणि स्टाफरूममधले आहेत.

रविवारी मी हे सरांसमोर वाचून दाखवले. काकू आत गेल्या. सरांनी तो कागद माझ्या हातून घेऊन एकदा स्वतः वाचला. मग म्हणाले, “तालमीला संध्याकाळी येऊ शकतील असे लोक मी घेतले. ते जवळपासचेच मिळाले. गर्दीला एका दिवसासाठी माणसं हवी होती, ती भातकुलीची एका हाकेत आली. मी एवढाच विचार केला होता.” मग कागद परत देत ते म्हणाले, “म्हणजे विचारच केला नव्हता.”

मी म्हणाले, “सर, मी हे काढून टाकते.”

“खोडू नकोस. वीस वर्षं मी खुर्चीत बसून चुका सांगितल्या. ही सांगितली नाही.”

त्या दिवशी घरी परतताना मला सगळ्या वाटेत लाज वाटत राहिली. अमृतमहोत्सवाच्या वर्षी, ज्यांनी माझा ताप उतरवला त्या माणसाला मी हे वाचून दाखवले होते. खरे होते म्हणून वाचले, असे मी स्वतःला सांगत होते, पण खरे असल्याने लाज कमी होत नव्हती.

त्या आठवड्यातच आत्याचा फोन आला. “अवं, तुये सर आले ना इथं! इहारात बसले. जे जे मेले होते त्यायले सगळ्यायले बोलवा म्हनते.” मी मिळेल त्या गाडीने भातकुलीला पोचले. सर बुद्धविहाराच्या ओसरीवर बसले होते, समोर लॅपटॉप होता आणि भोवती माणसे दाटली होती. फिल्म सुरू होती आणि लोक आपापल्या मरणाची वाट पाहत होते. गुडघ्यावर काठी धरून बसलेले शेजारचे मधुकाका ओरडले, “थांबवा सर, थांबवा! हे पाह्य, हा मी मेलो. आता थोड्या वेळानं पुन्हा मरतो, लुंगीवर.” कुणीतरी म्हणाले, “तू तर तीनदा मेला बे, बाकीच्यायची पाळीच येऊ देली नाही.” बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ज्या पोरांनी ही फिल्म कधी पाहिली नव्हती, ती आपल्या आज्यांना तरुण पाहून वेडावली होती.

मला आणखी एका कारणाने शरम वाटली. मी या लोकांच्या वतीने एवढे लिहिले होते आणि त्यांच्यातल्या एकालाही काही विचारले नव्हते. ते तर मजेत होते. आत्याचा नियम मी मोडला होता. जे पाहिले ते लिहिले होते खरे, पण ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते.

फिल्म संपली. सर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. “मी तुमची माफी मागायला आलो आहे,” ते म्हणाले आणि मी लिहिले होते ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. मला वाटले, जमिनीने मला पोटात घ्यावे. मधुकाका काठी टेकत उठले आणि सरांचे हात धरून म्हणाले, “माफी कायची सर? आमाले तर लय मज्या आली होती मरतानी. जाऊ द्या ना जी.”

सगळे तसेच म्हणाले. विषय तिथेच संपला असता. पण आत्या बोलली. ती मागे भिंतीला टेकून बसली होती.

“मेल्याचं काई नाही, सर. नाटक-पिक्चरात कोनी ना कोनी मरतेच. नावाचं बी काई नाही. पन एक सांगू काय? आमी एवढे मेलो, अन् तुमच्या पिक्चरमंदी आमाले कोनी रडलं नाही.”

मधुकाका खाली बसले.

“ते टेकडीवरचे वाचले,” आत्या म्हणाली, “एकमेकायच्या गळ्यात पडले. तुमी वरून पान्याकडं पाह्यलं अन् म्हनले, संकट टळलं. मी घरी बसून पाहून राह्यली होती. पोट्टी मले धरून रडून राह्यली होती. मी मनात म्हनलं, चाला, घरात तं कोनी रडलं.”

इतकी वर्षे ती त्या दुपारची गोष्ट आम्हाला हसत सांगत आली आहे. माझ्या रडण्याचा तिला केवढा आधार झाला होता, हे मला त्या दिवशी विहारात सगळ्यांसोबत कळले.

सर म्हणाले, “खरं आहे, कमलबाई.” मग मला म्हणाले, “मोबाईल काढ.” त्यांना त्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ही चूक कॅमेऱ्यासमोर सांगायची होती. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. सर बसले. मी मोबाईल धरला. सर म्हणाले, “नमस्कार. पूर्णेखालचा समुद्र या टेलिफिल्ममध्ये…” आणि पुढे त्यांना बोलता येईना. चित्रण त्या क्षणीच थांबवायला हवे होते. ते थांबवायला मला उशीर झाला.

आत्याच पुढे झाली. “कट करा सर,” ती म्हणाली. “चाय थंडी होऊन राह्यली.”

चहा घेता घेता सरांनी तिला विचारले, “मग आता मी काय करू?”

“ते मले काय पुसता? मी डायरेक्टर हाव काय?” आत्या म्हणाली. पण बशी खाली ठेवून ती पुढे म्हणाली, “तो शास्त्रज्ञ टेकडीवरून खाली काहून उतरला नाही, ते सांगा पयले. पानी तं उतरलं होतं.”

सरांनी चष्मा काढून पुसला. मला माहीत आहे, ते वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने खरा प्रश्न विचारला की असेच करत.

त्या प्रश्नातून सरांच्या हातून नवे काम सुरू झाले आहे. पंचाहत्तरीत लोक जुनी कामे आवरतात. सरांनी वीस वर्षांपूर्वीच्या फिल्मचा शेवट पुन्हा लिहायला घेतला आहे. म्हातारा झालेला शास्त्रज्ञ टेकडीवरून खाली येतो आणि वस्तीत घरोघरी जाऊन विचारतो, तुमच्याकडचे कोण गेले, ते कसे होते. शास्त्रज्ञ सरच करणार आहेत. उत्तरे देणारी बाई आत्या करणार आहे. ती आता दर आठवड्याला सरांचे लिखाण तपासते आणि फोनवर सांगते, “असं कोनी बोलत नाही आमच्याकडं, सर, पुन्हा लिवा.” सर पुन्हा लिहितात. दोनदा ते एस.टी.ने येऊन ओसरीवर बसून लिहून गेले. गुडघे दुखतात, जिना चढताना मध्ये थांबावे लागते, तरी येतात. ज्यांची आयुष्यभर प्रशंसा झाली, त्यांनी या वयात आपल्या कामात उणे काय राहिले हे ऐकून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी लेखणी उचलावी, याहून मोठा गुण मला सरांमध्ये दाखवता येणार नाही.

संपादकांनी मला विचारले, “ताई, हा दोष ग्रंथात राहू द्यायचा? नक्की?” मी सरांना पुन्हा विचारले. ते म्हणाले, “तो नसेल तर ग्रंथच नको म्हणून सांग.” त्यांच्या शब्दाखातर मी तो राहू दिला आहे. वाचताना कुणाला तो या प्रसंगी अनुचित वाटला, तर तो दोष माझा समजावा. मला तो लिहिताना वाटलेली लाज अजून गेलेली नाही, आणि ती जाऊ नये असेच मला वाटते.

चित्रण थंडीत सुरू होईल. सरांना त्यासाठी आणि त्यानंतरच्या पुष्कळ थंड्यांसाठी धडधाकट शरीर, स्थिर हात आणि पायांत बळ लाभावे, काकूंची सोबत लाभावी, हीच आम्हा सर्व विद्यार्थ्यांची इच्छा. माझ्या शुभेच्छा काय लिहाव्यात म्हणून मी आत्याला फोन केला, तर तिने पलीकडूनच सांगायला सुरुवात केली :

“लिव, का तब्येतीले जपा म्हना. गुडघ्याले तेल लावत जा. यंदाच्या पिक्चरमंदी मी मरनार नाही, अन् तो पुरा होईस्तोवर सरायले बी सुट्टी नाही. त्याच्या पुढचं त्याच्या पुढं पाहू.”